कामावरचा गरम घास : सोय आणि सावधगिरी

आमच्या शाळेची मधली सुट्टी दीड वाजता होते आणि पस्तीस मिनिटांत संपते. या पस्तीस मिनिटांत जेवण, जोहरची नमाज, एखाद्या पालकाची भेट आणि राहिलेल्या वह्या, सगळे बसवायचे असते. सकाळी सहाच्या सुमारास भरलेला डबा आम्ही दीड वाजता उघडत असू. तोवर सालनावर तेल थिजलेले, खिम्यावर चरबीचा पांढरा थर, डाळ घट्ट आणि भाताचे दाणे टणक झालेले. अठरा वर्षे आम्ही असेच जेवलो. कोणी विचारले की म्हणायचे, "सवय झाली."

घरी मात्र आमचा शिरस्ता वेगळा. सासूअम्मींना थंड रोटी चालत नाही. मुले जेवायला बसली की तव्यावरची रोटी थेट त्यांच्या ताटात जाते. म्हणजे घरात सर्वांना गरम वाढणारा हात दुपारी स्वतः थंड घास उचलतो, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी लेकीला नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने घरात प्रत्येकाला काहीतरी आणले. आमच्यासाठी आणला इलेक्ट्रिक डबा. "अम्मी, आता तरी गरम जेवा," एवढेच ती म्हणाली. या डब्याने आम्हाला बरेच दिले आणि एकदा चांगला धडाही शिकवला. ते दोन्ही वाचक भगिनींना सांगावे म्हणून हा लेख.

डबा गरम पोहोचायचा तो कोणाच्या जोरावर?

मुंबईत डबेवाल्यांची पद्धत १८९० च्या सुमारास सुरू झाली. डबा घरून सकाळी उशिरा निघायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कचेरीत हजर व्हायचा. ही व्यवस्था जगभर नावाजली गेली आणि ते योग्यच आहे. पण तिचा एक पाया असा की डबा भरणारी बाई सकाळी नऊ-दहा वाजता घरी, चुलीपाशी असायची.

आता तीच बाई साडेआठची एस.टी. पकडते. कोणी शिक्षिका आहे, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी शिवणाच्या कारखान्यात. तिचा डबा तिलाच भरावा लागतो, तोही पहाटे. बाहेरचे खावे तर रोजचा खर्च परवडत नाही, आणि मांसाहार हलाल आहे की नाही याची खातरी प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. त्यामुळे घरचा डबा ही आपल्यासाठी आवड नव्हे, गरज आहे. तो गरम मिळाला तर त्याचे मोल वाढते.

हा डबा काम कसा करतो?

बाहेर प्लास्टिकचे कवच, तळाशी तापणारी पट्टी आणि आत स्टीलची दोन-तीन भांडी. वायर लावली की पट्टी तापते आणि तिची उष्णता भांड्यांत चढते. असे डबे साधारण ४० ते ८० वॉटचे असतात. अन्न गरम व्हायला अर्धा ते पाऊण तास लागतो. हा कुकर नाही. यात कच्चे अन्न शिजवण्याचा प्रयत्न करू नये.

आम्ही डबा शाळेत नेला तेव्हा दोन महिन्यांत आणखी पाच जणींनी घेतला. मग मुख्याध्यापकांनी विचारले, "या सगळ्याचे वीजबिल कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला : ६० वॉटचा डबा ४० मिनिटे चालला तर ४० वॉट-तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर १००० वॉट-तास, म्हणजे बरोबर एक युनिट. सहा डब्यांचे सहा युनिट. आम्ही दरमहा वर्गणी काढून ते पैसे कार्यालयात जमा करायचे ठरवले. सर हसले, पण आम्ही ते आजतागायत पाळतो. सार्वजनिक वीज आपल्या जेवणासाठी वापरायची तर मन स्वच्छ असलेले बरे.

दुसरा प्रश्न बोर्डाचा. सहा डबे मिळून ३६० वॉट होतात. हा भार मोठा नाही. पण त्याच एक्स्टेंशनवर कोणी १५०० वॉटची चहाची किटली लावली तर ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा तेवढ्यानेच ओलांडली जाते. आमच्याकडे एकदा एक्स्टेंशनचे प्लास्टिक मऊ होऊन वास सुटला, तेव्हा कारण हेच निघाले. तेव्हापासून किटली वेगळ्या, मोठ्या सॉकेटवर. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग असलेले सॉकेट आणि आयएसआय खूण असलेले एक्स्टेंशन, एवढे तरी पाहावेच. रेल्वेच्या डब्यातले सॉकेट मोबाईल आणि लॅपटॉपसाठी आहे. तिथे जेवणाचा डबा लावू नये.

आमची चूक

आता तो धडा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी घरी दावत होती. रात्रीची बिर्याणी उरली. देगची मोठी, फ्रीज भरलेला. म्हणून झाकण लावून ती ओट्यावरच राहिली. सकाळी वास घेतला, चांगला होता. आम्ही डबा भरला, थोडी जास्तच घेतली, कारण आमच्या एका तरुण सहशिक्षिकेला आमच्या घरची बिर्याणी फार आवडते. दुपारी डबा छान वाफाळला. दोघींनी एकत्र बसून खाल्ले.

साडेतीन वाजता ती वर्ग सोडून बाहेर धावली. पाठोपाठ आम्हीही. उलट्यांनी दोघींना उभे राहवेना. तिचे बाळ तेव्हा आठ महिन्यांचे होते, अंगावर पिणारे. दवाखान्यात तिला सलाईन लावले तेव्हा तिचे पती बाळाला घेऊन बाहेर उभे होते. ते आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

डॉक्टरांनी विचारले, "भात कालचा होता का?" आम्ही म्हटले, "हो, पण चांगला गरम केला होता." ते म्हणाले, "बाई, गरम केल्याने हे विष जात नाही."

त्यांनी समजावले ते असे. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाचे जंतू असू शकतात. त्यांची बीजे शिजवतानाच्या उष्णतेतही टिकतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ती बीजे जागी होतात, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा तापवल्याने ते विष नष्ट होत नाही. वास किंवा चव बदलेलच असेही नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींना आराम पडला, अल्हमदुलिल्लाह. पण आठवडाभर आम्ही तिच्या नजरेला नजर दिली नाही. आपण चुकून स्वतः आजारी पडणे वेगळे आणि प्रेमाने वाढलेल्या घासाने दुसरा आजारी पडणे वेगळे. अन्न वाया जाऊ नये ही नियत चांगलीच. पण रिज्कची कदर म्हणजे ते वेळेत नीट सांभाळणे. ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी वाचवायला जाणे म्हणजे कदर नव्हे.

मग डबा भरावा कसा?

शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. आपला डबा मात्र सहा-सात तास याच पट्ट्यात असतो. इलेक्ट्रिक डबा शेवटचा पाऊण तास अन्न तापवतो. आधीच्या सहा तासांचे काय, हे आपल्यालाच पाहावे लागते. आम्ही आता असे करतो :

पहिले, शाळेत फ्रीज असेल तर पोहोचताच आतली स्टीलची भांडी त्यात ठेवावीत. आम्ही सहा जणींनी मिळून एक जुना, लहान फ्रीज स्टाफरूममध्ये आणला. हा खर्च डब्यापेक्षाही उपयोगी ठरला.

दुसरे, फ्रीज नसेल तर थर्मासच्या बरणीत उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून द्यावे आणि चुलीवरून उतरलेली रटरटती डाळ किंवा सालन लगेच तिच्यात भरावे. मुद्दा असा की अन्न कडकडीत गरम राहावे किंवा नीट थंड. मधल्यामध्ये कोमट राहू नये.

तिसरे, उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर निववावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात डब्यात नाही म्हणजे नाही.

चौथे, कोणतीच सोय नसेल त्या दिवशी कोरडे न्यावे : भाकरी, सुकी भाजी, चटणी. मासे, अंडे, मटण त्या दिवशी घरीच.

पाचवे, गरम करताना पट्टी चांगली तापू द्यावी. अन्नातून सगळीकडून वाफ यायला हवी. मधे एकदा ढवळले तर मध्यभागही तापतो. नुसते कोमट झाले म्हणून जेवायला बसू नये.

काय चांगले गरम होते

डाळ, खिचडी, पातळ सालन, कडधान्याची उसळ, खिमा-मटार हे उत्तम. भातावर चमचाभर पाणी शिंपडले की तो पुन्हा मऊ होतो. रोटी मात्र वाफेने ओलसर आणि चिवट होते. ती फडक्यात गुंडाळून वेगळीच न्यावी. कोशिंबीर आणि दही वेगळ्या डबीत. झाकणाला वाफेचे छिद्र असेल तर ते आधी उघडावे, नाहीतर झाकण उघडताना वाफ हातावर येते. तळाचा विजेचा भाग पाण्यात बुडवून धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

आणखी एक गोष्ट शेजारधर्माची. आमच्या स्टाफरूममध्ये शाकाहारी बाई आहेत, एक जैन सहकारी आहेत. गरम बांगड्याचा वास बंद खोलीत किती पसरतो हे आपल्याला माहीत आहे. कोणी तक्रार केली नव्हती, तरी आम्ही मासे शाळेत नेणे थांबवले आणि खिडकीजवळची जागा आमच्या डब्यांसाठी घेतली. पुढच्याच आठवड्यात त्या जैन बाईंनी, "तुमच्या ऑफ तासाला माझाही डबा लावाल का?" असे आपणहून विचारले.

आता पद्धत अशी की एक वाजण्याच्या आधी ज्या कोणाचा तास मोकळा असेल तिने सगळ्यांचे डबे लावायचे आणि तिथेच बसायचे. चालू डबे सोडून जायचे नाही. घंटा होते तेव्हा जेवण तयार असते. गरम करण्यात सुट्टी जात नाही, नमाजला वेळ उरतो, आणि पूर्वी वह्या तपासत उभ्या-उभ्या घास घेणाऱ्या आम्ही बाया आता खाली सतरंजी टाकून एकत्र बसतो.

रमजानमध्ये आमचा डबा महिनाभर आराम करतो. पण आमची धाकटी बहीण परिचारिका आहे. तिची संध्याकाळची ड्युटी असते तेव्हा ती तो मागून नेते आणि मगरिबच्या आधी लावून ठेवते. रोजा खजुराने सोडल्यावर दोन घास गरम हलीमचे मिळतात, असे सांगताना तिचा आवाज वेगळाच असतो.

त्या तरुण सहशिक्षिकेने पुन्हा आमच्या डब्यातले खायला तीन महिने घेतले. परवा तिनेच झाकण उघडून विचारले, "आपा, बिर्याणी आजचीच ना?" आम्ही सांगितले, "पहाटे पाचला उठून केली आहे, आणि आल्यापासून फ्रीजमध्ये होती." तिने ताट पुढे केले.