सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी

बीड जिल्ह्यात दसरा सरला की गावंच्या गावं म्हातारी होतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयते, भांडीकुंडी आणि तान्ही लेकरं घेऊन ट्रक-ट्रॅक्टरात बसतात आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाने बंद होईपर्यंत, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणीकडच्या वाड्या-तांड्यांवर आजी-आजोबा, शाळेत जाणारी नातवंडं आणि शेळ्या उरतात. बीड, अंबाजोगाई, परळी या शहरांतली कथा थोडी वेगळी. तिथं निवृत्त शिक्षक, एसटीतले आणि वीज केंद्रातले जुने कर्मचारी, तलाठी, ग्रामसेवक आहेत. त्यांची मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला. घर बांधलेलं, पेन्शन सुरू आणि दिवस लांबच लांब.

पुण्यात ‘अथश्री’सारख्या खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत. आपल्याकडे त्या जागी आहेत ते ज्येष्ठ नागरिक संघ, मंदिरातली भजनी मंडळं, पारावरची बैठक आणि काही वृद्धाश्रम. राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० पासून काम करतो आहे. सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ साली आणली. माणसं एकत्र यायला जागा आहेत, ओळखी आहेत. कमी पडतं ते बाहेर पडणं. ज्येष्ठांची सहल हा लेकरांनी वर्षातून एकदा करायचा लाड आहे, असं मी मानत नाही. महिना-दीड महिन्यातून एकदा गावाबाहेरचं काही डोळ्याला पडणं, चार जणांत बसून जेवणं, रात्री घरी सांगायला काही असणं ही या वयाची गरज आहे. आणि कुठं जायचं, हे ज्याला जायचं आहे त्यानंच ठरवायला हवं.

गाडीचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत आहे, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं तिकीट लागतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना वयाची अट न ठेवता अर्धं तिकीट झालं. म्हणजे साठीतल्या मावशींनाही सवलत आहे. आधार कार्ड मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवं. पंधरा जणांची कार्डं एकाच पिशवीत ठेवली की वाहकासमोर नुसता गोंधळ उडतो. आषाढीला एका गावातून चाळीस किंवा जास्त प्रवासी असले, तर एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते आणि त्या गाडीला या सवलती लागू असतात. एरवी पूर्ण गाडी हवी असली तर आगारात ‘प्रासंगिक करार’ करायचा. त्याचं भाडं किलोमीटरवर ठरतं, तेव्हा आधी आगारात जाऊन हिशेब समजून घ्यावा. बारा-पंधरा जणच असतील तर ठरलेल्या वेळेची साधी गाडी पकडणं सगळ्यात स्वस्त.

एसटीची पहिली पायरी उंच असते, आणि सहलीचं अर्धं दुखणं तिथंच असतं. गुडघे धरलेल्या माणसाला ती चढताना ओशाळल्यासारखं होतं. मागून कुणी ढकललं तर जास्तच. त्यापेक्षा घरातला एक मजबूत पाट बरोबर ठेवावा. तो जमिनीवर टेकवायचा, दांडी धरायची, चांगला पाय आधी वर घ्यायचा. उतरताना उलटं, दुखरा पाय आधी खाली. एकानं पाट सांभाळायचा आणि शेवटचा माणूस उतरल्याशिवाय जागा सोडायची नाही.

रेल्वेचं आकर्षण बीडमध्ये काय आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. परळीला निजामाच्या काळापासून गाडी आहे, पण बीड शहरानं ती पाहिली नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी सुटली. ज्यांनी या रेल्वेसाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. अशा माणसांना त्या गाडीत बसवून आष्टीपर्यंत नेणं यापेक्षा चांगली सहल मला सुचत नाही. पाहायला जायचं ठिकाण ती गाडीच. वेळापत्रक आधी पाहावं. दिवसाला एकच फेरी असेल तर जाताना रेल्वे आणि येताना एसटी असा मेळ बसवावा लागतो. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही. ती पुन्हा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हाताऱ्या माणसांची सहल म्हटली की आपण देवदर्शन गृहीत धरतो. देव हवाच. परळीचं वैद्यनाथ हे ज्योतिर्लिंग, अहिल्यादेवींनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ, इथल्या प्रत्येक पिढीनं पाहिलेलं. पण पायऱ्या पुष्कळ आहेत आणि सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीला रांग हलत नाही. मधल्या वारी सकाळी नऊच्या आत पोचलं तर दर्शन निवांत होतं. परळीहून अंबाजोगाई पंचवीसेक किलोमीटर, म्हणून दोन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर उरकू नये. अंबाजोगाईला पूर्ण दिवस द्यावा.

कारण या गावात बसून पाहण्यासारखं फार आहे. योगेश्वरी ही कोकणातल्या किती तरी घराण्यांची कुलदेवता, त्यामुळे देवळात रत्नागिरीकडची माणसं भेटतात आणि गप्पा रंगतात. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मानला जातो. तिथं उतरणं ज्यांना झेपणार नाही, त्यांनी वरून दरी पाहावी आणि सावलीत बसावं. दासोपंतांची पासोडी मात्र सगळ्यांना पाहता यावी, म्हणून आधी विचारणा करून वेळ ठरवून घ्यावी. सोळाव्या-सतराव्या शतकात होऊन गेलेल्या या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहून, आकृत्या काढून ठेवलं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या निवृत्त शिक्षकांना ते कापड दाखवावं. अक्षराचं वळण, ओळींची बांधणी, चुकल्यावर काय केलं असेल, यावर ते तासभर बोलतात. हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती आणि बाराखांबीचे खांब नातवंडं बरोबर असतील तर दुपारनंतर. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि स्वामी रामानंद तीर्थांनी १९३५ मध्ये आपली शाळा इथं आणली. योगेश्वरी विद्यालयाच्या फाटकापाशी गाडी जराशी थांबवली तर ज्यांचं बालपण रझाकारांच्या काळात गेलं अशी पंच्याऐंशीपुढची माणसं आपणहून बोलू लागतात. त्यांना मधे अडवू नये.

देवाखेरीज त्यांना काय पाहायचं असतं, हे विचारलं तर उत्तरं फार वेगळी येतात. माजलगावकडची माणसं सिंदफणेवरच्या धरणाच्या भिंतीवर जाऊन पाण्याकडे पाहत बसतात. त्या पाण्याखाली कुणाचं रान आहे, कुणाचं माहेर. कुणाला आपण शिकवलेली पहिली शाळा पाहायची असते, कुणाला बाजारच्या दिवशी बैलबाजारात नुसतं फिरायचं असतं. पेन्शनीच्या कामाला बीडला सतरा खेपा घालणाऱ्या माणसानं खजाना विहीर कधी पाहिलेली नसते, हे ऐकून वाईट वाटतं. शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याला, निजामशाहीत १५८२ च्या सुमारास सलाबत खानानं बांधलेली ही विहीर. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती; भुयारी वाटेनं ते पाणी खालच्या रानांना पोचवण्याची सोय बांधणाऱ्यांनी केली. विहिरी खोदलेल्या, मोटा हाकलेल्या माणसाला ती दाखवली की तो सांगतो पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. तिथून परतताना कंकालेश्वर. चौरस कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभं असलेलं हे जुनं देऊळ शहरातच आहे. दोन्ही मिळून अर्धा दिवस होतो. नव्या गटानं पहिली सहल हीच करावी, म्हणजे कोण किती चालतं याचा अंदाज येतो.

निसर्गाची ओढ असली तर कपिलधार, सौताडा आणि नायगावचं मयूर अभयारण्य. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिक पौर्णिमेला लिंगायत भाविकांचा मोठा मेळा भरतो, तेव्हा इतर दिवशी जावं. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते. रामेश्वराचं देऊळ खाली आहे आणि पावसाळ्यात दगड निसरडे होतात, म्हणून ज्येष्ठांनी काठावरूनच पाहावं. पडून मांडीचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या बालाघाटाच्या रस्त्यांवर सीताफळांच्या पाट्या लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मधुमेह असलेल्यांनी एकात दोघांनी भागवावं.

पण जिल्ह्यातली खरी सामुदायिक सहल शेतातली. अंबाजोगाई, परळी, केजकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा अख्ख्या गावानं रानात जेवायचा सण आहे. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पुढं पौषात हुरडा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, धग खाली बसली की कोवळी कणसं त्यात खुपसायची, आणि वाफ निघत असतानाच हातावर चोळून दाणे काढायचे. हे चोळणं म्हाताऱ्यांनाच नीट येतं. तरुणांचे हात पोळतात. दाणा कोवळा असल्यानं दात नसलेल्यालाही चघळता येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, थोडा गूळ. ज्यांची लेकरं तोडणीला गेलीत त्या घरांतल्या आजी-आजोबांना अशाच सहलीला येता येतं. शाळा सुटायच्या आत परत यायचं असतं, शेळ्या बांधायच्या असतात. जिथं नातवंडांसाठी हंगामी वसतिगृह चालू आहे तिथं संध्याकाळच्या जेवणाची चिंता थोडी कमी. तरी अशा गटासाठी पंधरा-वीस किलोमीटरच्या बाहेर जाऊच नये आणि रविवारी नातवंडांना बरोबर घ्यावं.

आषाढाच्या आधी आणखी एक वाट आहे. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी बीडला येते, आणि इथं गोविंदपंतांच्या समाधीपाशी आजोबा-नातीची भेट होते. पैठणची नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा भागातून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईहून. पंढरपूरपर्यंत चालणं आता होत नाही म्हणून ज्यांनी वारी सोडली, त्यांना पालखीबरोबर एक-दोन कोस चालवावं. पाठीमागे एक जीप ठेवावी. ज्यांनी वीस-वीस वर्षं वारी केली, त्यांना हे दोन कोस किती मोलाचे वाटतात, ते त्यांच्या टाळावरून कळतं.

आता थोडं तब्येतीचं. सहलीच्या दिवशी लघवीची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारावं. स्वतःच्या मनानं बंद करू नये. कित्येक बायका वाटेत सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येते ती त्यामुळे. म्हणून रस्त्यावरचं प्रत्येक स्वच्छतागृह एक दिवस आधी कुणीतरी स्वतः जाऊन पाहावं: कडी लागते का, पाणी आहे का, बसायचं कमोडवर की खाली. तासा-दीड तासानं थांबावं, कुणी मागितलं नाही तरी. इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण प्रसादाच्या रांगेवर सोडू नये. प्रत्येकाच्या खिशात नाव, गोळ्या आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी हवी. आणि जोड्या लावाव्यात: कानानं कमी असलेल्याबरोबर नजर चांगली असलेला, नवख्याबरोबर जुना. गाडी सुटताना डोकी मोजण्यापेक्षा ‘जोडीदार आहे का’ असं विचारलं की कुणी मागे राहत नाही.

लांबच्या यात्रेसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना २०२४ साली आली. साठ वर्षं पूर्ण झालेल्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या माणसाला तीस हजारांपर्यंतचा खर्च मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण ती आयुष्यात एकदाच मिळते. मी मागतो ते याहून लहान आहे आणि दर महिन्याला उपयोगी पडणारं आहे: देवळाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा, बसथांब्याला पाठ टेकता येईल असा बाक, पर्यटनस्थळी पाणी असलेलं आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. ग्रामपंचायतीला, देवस्थानाला हे जमण्यासारखं आहे. ज्येष्ठांच्या संघानं सहलीहून आल्यावर एक साधं पत्र द्यावं: कुठं कठडा नाही, कुठं पाणी नाही. तेरा-चौदा सह्या असल्या की पत्राला वजन येतं.

माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपट इथलाच. अधिक महिन्यात इथं महिनाभर यात्रा भरते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन उन्हाळा आणि तुफान गर्दी. अनारशाचं वाण द्यायला लेकी-जावई जातील. सत्तरीपुढच्यांनी त्यांची वाट न पाहता मार्गशीर्षातच एखादा मधला वार धरावा, सकाळी निघावं, गोदावरीच्या काठी डबा सोडावा आणि चारच्या आत परतीची गाडी पकडावी.