पीडीएफ लहान करायची, पण आपल्याच कॉम्प्युटरवर

ज्यांना ऐकायला सवड नसते त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलण्यातली अडखळणं काढलीत, बाकी तसंच ठेवलंय.

मध्यंतरी खाप्याला आत्याकडे गेलो होतो. खापा म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं, सावनेर तालुक्यातलं कन्हान नदीकाठचं गाव. आत्याचा नातू शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसला होता. आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, सगळं एकाच पीडीएफमध्ये हवं आणि तेही ठरलेल्या केबीच्या आत. पोराने सर्च केलं, जी पहिली वेबसाइट दिसली ती उघडली आणि फाइल टाकायला निघाला. मी म्हटलं, "थांब रे, ही फाइल जाते कुठं?" तर म्हणतो, "काका, काहून घाबरता? इथंच तर लहान होते ना!"

तर मुद्दा हाच आहे. अशा बऱ्याच वेबसाइटवर ती "इथंच" होत नाही. फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, तिथं काम होतं आणि तयार फाइल आपल्याकडे परत येते. "काही तासांत पुसून टाकतो" असं लिहिलेलं असतं. काही जण पाळतही असतील. पण ते तपासायचा मार्ग आपल्या हातात नाही. आणि त्या एका फाइलमध्ये काय काय आहे बघा: नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं, वडिलांचं उत्पन्न. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल-कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता, की काही ठिकाणी मालवेअर मिळतं आणि टाकलेल्या फाइलमधली माहितीही उचलली जाते.

मग वापरायचं काय?

पानं जोडणं, उलटसुलट पानं नीट लावणं, नको ते पान काढणं, एवढंच काम असेल तर पीडीएफ अरेंजर. लहानसं, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते. पानं चित्रांसारखी समोर दिसतात, माउसने ओढायची आणि सेव्ह करायचं. संपलं. पीडीएफवर लिहायचं किंवा हाताने सही करायची असेल तर झोर्नल प्लस प्लस. लिबरऑफिस ड्रॉमध्ये मजकूरही बदलता येतो, पण ते आकाराने मोठं आहे, आणि मराठी मजकुराचे फॉन्ट त्यात बऱ्याचदा विस्कटतात.

मुक्त-स्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नाही बरं का. कोड उघडा असतो, म्हणून जाणकार तो तपासू शकतात, एवढंच. डाउनलोड मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच करा.

एक सोपी परीक्षा सांगतो. इंटरनेट बंद करा आणि मग काम करून बघा. झालं, तर फाइल बाहेर न पाठवताही ते काम होतं हे नक्की. अडलं, तर विचार करा.

आणि केबीचं काय? खरा उपाय स्कॅन करतानाच आहे. आमच्या पोराने ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं होतं. तेच १५० वर केलं तर चित्रातले ठिपके सोळा पटीने कमी होतात, आणि दाखल्यावरची अक्षरं सहसा वाचता येतात. ग्रे निवडलं तर फाइल आणखी उतरते. आम्ही परत स्कॅन केलं, पानं अरेंजरमध्ये जोडली, फाइल मर्यादेत बसली.

दोन फसगती

पहिली काळ्या पट्टीची. आधार क्रमांकावर काळा चौकोन ओढला की झाकला गेला असं वाटतं. पण खाली मजकूर तसाच असतो, निवडून कॉपी करता येतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात नेमकं हेच झालं. झाकलेला मजकूर पत्रकारांनी कॉपी करून वाचला. म्हणून जिथं चालत असेल तिथं यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

दुसरी डिजिटल सहीची. डिजिटल सही असलेला सातबारा किंवा दाखला दुसऱ्या फाइलला जोडला की नव्या फाइलमध्ये ती सही तपासता येत नाही. सहीचं चित्र दिसतं, पण तांत्रिकदृष्ट्या सही उरत नाही. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

पासवर्ड असलेलं ई-आधार जोडल्यावर नवी फाइल एकदा उघडून बघा. पासवर्ड न विचारता उघडली, तर ती कुणालाही उघडता येणार. फॉर्म बाहेरच्या दुकानात भरत असाल तर काम झाल्यावर फाइल तिथल्या कॉम्प्युटरवरून पुसा, रिसायकल बिनमधूनही.

निघताना पोराने विचारलं, "काका, आजपर्यंत ज्या साइटवर टाकल्या त्या फाइलींचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा भाग केला. तुमच्या घरात कुणी फॉर्म भरत असेल तर त्याला नक्की ऐकवा.

भेटूया पुढच्या भागात.