घ, म आणि बारीक शिरोरेघ

सुरतेच्या डिंडोलीत खान्देशी घरं इतकी आहेत की लग्नसराईत माझ्या संगणकावर दिवसभर मराठी पत्रिकाच असतात. नवरी शिरपूरची, नवरदेव शिंदखेड्याचा, लग्न मात्र इथेच. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, नावं अशी टाका की पाहुणा पाहतच राहिला पाहिजे.” मग मी ‘रोझा वन’ उघडते.

हा फॉन्ट आपल्या अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या आहेत, मोफत मिळतो. उभे दांडे भरदार, शिरोरेघ मात्र केसासारखी. यातल्या रोमन अक्षरांचं घराणं जुनं आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मा शहरात बोडोनी या मुद्रकानं जाड-बारीक रेघांची अशी अक्षरं पाडली. पुढे लंडनच्या खिळेवाल्यांनी भिंतीवरच्या जाहिरातींसाठी तेच दांडे आणखी फुगवले. रोमन अक्षराच्या टोकाला जी आडवी रेघ असते, ती सेरिफ. देवनागरीला तिची गरज पडली नाही. आपला जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या टोकातून आला.

मला रोझाचं अक्षर मनापासून आवडतं, आणि त्या आवडीपायीच एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चूक केली. मरून कार्ड, सोनेरी शाई, स्क्रीन प्रिंटिंग. नावं सुंदर दिसली म्हणून सगळा मजकूरही रोझामध्येच 11 पॉइंटला लावला. छापून आलं तेव्हा शिरोरेघ जागोजागी तुटलेली. आणि देवनागरीत शिरोरेघ ही नुसती शोभा नाही. ‘घ’ची डावीकडची रेघ गेली की तो ‘ध’ दिसतो, ‘म’ची गेली की ‘भ’. घटिकेची धटिका झाली, मामांच्या रांगेत भाभा उभे राहिले. नवरीचे वडील काही बोलले नाहीत, फक्त पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तीनशे पत्रिका मी पदरच्या पैशानं पुन्हा छापून दिल्या.

तेव्हापासून रोझा फक्त वधू-वरांच्या नावांना, तीही 40 पॉइंटच्या वर. दोन ओळींत मोकळी जागा ठेवते, म्हणजे वेलांट्यांना श्वास मिळतो. मुहूर्त, पत्ता, निमंत्रकांची लांबलचक यादी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये, ते साधं अक्षर आजीलाही चष्म्याशिवाय लागतं. श्रावणात कानबाईच्या उत्सवाचे फलक येतात. मंडपाच्या दारात, जवळून पाहायचा असेल तर रोझा शोभते. रस्त्यावरचा, मोटारसायकलवरून वाचायचा फलक असेल तर तिची बारीक रेघ लांबून दिसेनाशी होते. तिथे सगळीकडून सारखं जाड असलेलं ‘बालू’ हवं.

घरात लग्न असेल तर पत्रिका मंजूर करण्याआधी एवढं करा. पडद्यावर पाहून हो म्हणू नका. ज्या कार्डावर, ज्या शाईत छापायचं आहे त्यातच एक प्रूफ मागा, आणि आधी घ आणि म शोधून पाहा.