निर्लेखित संगणक आणि वृद्धाश्रमातील आंतरजाल-साक्षरता

वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. या पट्ट्यातील शिकलेली पिढी नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याकडे गेली आणि आंबिया व मृग बहाराची गणिते ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसे मागे राहिली. त्यांतील काहींच्या वाट्याला उतारवयात वृद्धाश्रम येतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम अपेक्षित आहे. निवारा व भोजनाची व्यवस्था झाली तरी बाहेरगावच्या मुलाशी बोलणे बहुधा व्यवस्थापकाच्या भ्रमणध्वनीवर आणि त्याच्या सवडीवर अवलंबून राहते. ही अडचण दूर करण्याचे एक साधन महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोलीत पडून असते.

विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे प्रयोगशाळांतील अनेक चालू स्थितीतील संगणक निर्लेखनाच्या यादीत जातात. वास्तविक असा संगणक ६४ बिट प्रक्रियकाचा असेल आणि त्यात ४ जीबी स्मृती असेल, तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली त्यावर समाधानकारक चालते. प्रक्रियक ३२ बिटचा असल्यास मात्र खटाटोप करू नये. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे हा एकच खर्च बहुतेक वेळा सार्थकी लागतो. कॅमेरा व मायक्रोफोन मात्र वेगळे घ्यावे लागतात, कारण प्रयोगशाळेतील संगणकांना ते सहसा नसतात.

संगणक देण्यापूर्वीची कागदपत्रे कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत. अनुदानातून खरेदी झालेल्या वस्तूसाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन जडवस्तू नोंदवहीत तशी नोंद करावी. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू असल्याने, यंत्र दुरुस्त करून वापरासाठी दिले आहे, टाकाऊ म्हणून नव्हे, हे लेखी असावे. डिस्कमध्ये विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका व आधार क्रमांक असू शकतात. नुसते फॉरमॅट केल्याने ते पुसले जात नाहीत. जुन्या डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे, किंवा ती महाविद्यालयातच ठेवावी.

खरा प्रश्न शिकविण्याचा आहे. थरथरत्या हाताला दोनदा क्लिक करणे जमत नाही, म्हणून एका क्लिकने फाइल उघडेल अशी मांडणी करावी व माउसचा वेग कमी ठेवावा. मोतीबिंदू असलेल्यांसाठी कंट्रोल व अधिक चिन्ह यांनी अक्षर मोठे करणे हा पहिला धडा ठरावा. माउस ओढण्याचा सराव पत्त्यांच्या खेळातून सहज होतो. विंडोजमध्ये १९९० साली सॉलिटेअर आले, त्यामागेही हा हेतू होता असे सांगितले जाते. मराठी टंकलेखनाबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे असल्याने नवशिक्याला तो लवकर उमगतो. परंतु कचेरीत टंकलेखन केलेल्या निवृत्त लिपिकाची बोटे रेमिंग्टन मांडणीवरच वळतात. त्याला ती मांडणी दिली, तर तो शिकविणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा वेगाने लिहू लागेल. बागायतदाराला आधी पत्रलेखन शिकविण्यात अर्थ नाही. त्याने अ‍ॅगमार्कनेटवर कळमना बाजारातील संत्र्याचा भाव पाहावा. उरलेले तो स्वतःच विचारील.

निवृत्तिवेतनधारकांसाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेले जीवन प्रमाण हे डिजिटल हयातीचे प्रमाणपत्र येथे महत्त्वाचे ठरते. आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. जिवंत माणसाचे वेतन केवळ तेवढ्यामुळे अडू शकते. २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय उपलब्ध आहे. तो मात्र स्मार्टफोनवर चालतो, त्यामुळे संगणकासोबत एक जुना पण चालू फोनही असणे श्रेयस्कर.

सामायिक संगणकावर परवलीचा शब्द कोणाकडे असावा, हा प्रश्न नाजूक आहे. सोयीसाठी तो व्यवस्थापकाकडे ठेवला, की पत्रव्यवहाराबरोबर पैशाची किल्लीही त्याच्या हाती जाते. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे. शब्द वहीत लिहायचा असेल, तर ती वही ज्याची त्याच्या पेटीत राहावी. ओटीपी मागणारे किंवा ‘डिजिटल अटके’ची धमकी देणारे दूरध्वनी आल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. त्यांतील आठवड्याचा एक तास या कामी लागला तरी पुरेसा आहे. तथापि परीक्षा व उन्हाळी सुट्टीत हे विद्यार्थी येत नाहीत आणि शिकलेले विसरले जाते ते नेमके याच काळात. म्हणून आश्रमातीलच एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा लिपिकाला सर्वांच्या आधी शिकवून ठेवावे.