घाटाचा उतार आणि मोटारीचे ब्रेक
दुसऱ्या वाहनाचे कॅलिपर बसविण्यापूर्वी ध्यानी घ्यावयाच्या गोष्टी

मावळ तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीचा कडा एकाएकी तुटतो आणि लोणावळा-खंडाळ्याच्या पठारावरून बोरघाट खोपोलीकडे उतरतो. कोकण व देश यांना जोडणारी ही वाट फार जुनी आहे. १८३० मध्ये या घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली आणि २००२ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे वापरात आला. रेल्वेच्या मार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी अडविता यावी म्हणून तेथे चढावर जाणाऱ्या वळत्या मार्गिका ठेवण्यात आल्या. रेल्वेने घाटाचा धोका असा ओळखला. रस्त्यावरील वाहनाला मात्र स्वतःच्या ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते.

अलीकडे जुन्या मोटारी हौसेने जतन करणाऱ्यांमध्ये, तसेच जीप व प्रवासी गाड्या चालविणाऱ्यांमध्ये, दुसऱ्या वाहनाचे मोठे कॅलिपर आपल्या गाडीला बसविण्याचा प्रघात दिसतो. त्यामागील हेतू चांगला असतो. परंतु केवळ मोठा भाग बसविला म्हणजे गाडी अधिक सुरक्षित होते, ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

उताराचे गणित

ब्रेकचे काम गतीचे उष्णतेत रूपांतर करण्याचे होय. १,२०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ३० अंश तापमानाचे २० लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. १५ टनांच्या मालमोटारीच्या बाबतीत हेच पाणी २५० लिटर भरेल. यांतील काही भाग हवेचा व टायरचा विरोध आणि इंजिन सोसते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवर पडतो.

ब्रेक अतिशय तापले की दोन प्रकारचे दोष उद्भवतात. पॅड किंवा लायनरची पकड कमी होते, तेव्हा पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्याने पेडल तळाला जाते आणि चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणूनच लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात ते वेळच्या वेळी बदलणे हा सर्वांत स्वस्त सुधार ठरतो.

मोठा कॅलिपर काय करतो?

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडांमध्ये आवळली जाते. आवळण्याचे काम करणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधून ऑइल येते आणि कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो. पिस्टनचा व्यास ४८ मिलिमीटरऐवजी ५४ मिलिमीटर केला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तितक्याच दाबाला तितकाच अधिक जोर मिळतो, हे खरे. परंतु तो पिस्टन तेवढाच सरकविण्यास ऑइलही २७ टक्के अधिक लागते. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर पेडल खोल जाते आणि आणीबाणीच्या क्षणासाठी असलेली राखीव चाल कमी होते.

दुसरा प्रश्न पुढील व मागील चाकांमधील तोलाचा. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते, हे धरूनच उत्पादकाने जोराची वाटणी केलेली असते. पुढचा जोर अवाजवी वाढला, तर ओल्या रस्त्यावर पुढची चाके लवकर अडकून पडतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मागचा जोर वाढला, तर मागची बाजू घसरून गाडी भोवंडते. घाटातील वळणावर दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. अँटिलॉक यंत्रणा असलेल्या गाडीत तर ही यंत्रणा मूळ ब्रेकच्या मापानुसार जुळविलेली असते.

तिसरी गोष्ट उष्णतेची. कॅलिपर मोठा झाला तरी जुनी तबकडी तेवढीच राहिली, तर तिची उष्णता साठविण्याची व हवेत सोडण्याची शक्ती वाढत नाही. लांब उतारावर उपयोग होतो तो जाड, हवेशीर तबकडीचा, योग्य प्रतीच्या पॅडचा आणि ताज्या ऑइलचा.

जुन्या गाड्यांची विशेष अडचण

प्रीमियर पद्मिनी व जुन्या अॅम्बॅसडर मोटारींना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. अशा गाडीला दुसऱ्या गाडीची तबकडी व कॅलिपर बसविताना तीन बाबी हटकून नडतात. ड्रमच्या रचनेत चाकाच्या फिरण्यानेच लायनर अधिक आवळला जातो. डिस्कमध्ये हे साहाय्य नसल्याने, बूस्टर नसलेल्या गाडीत पेडलवर पायाचा जोर बराच वाढवावा लागतो. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती तशीच राहिली, तर पॅड तबकडीला सतत घासत राहतात आणि घाट लागण्यापूर्वीच ब्रेक तापतात. शिवाय कॅलिपर धरणारा आधार साध्या पत्र्याचा वा अंदाजाने जोडलेला असल्यास तो जोराखाली तुटण्याचा संभव असतो.

बसविण्यातील चुकाही साध्या वाटतात, पण महागात पडतात. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर हवा काढण्याचा निपल खाली जातो आणि आत हवा अडकून राहते. रबरी नळी तोकडी असेल, तर चाक पूर्ण वळविताना ती ताणली जाते. भंगारातून आणलेल्या कॅलिपरचे रबरी सील व पिस्टन नवे केल्याशिवाय तो वापरू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ब्रेकने कोणत्या अटी पुऱ्या कराव्यात, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिलेले आहे. म्हणून बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला घेणे श्रेयस्कर होय. मावळातील वाहनधारकांसाठी हे कार्यालय पिंपरी-चिंचवड येथे आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील गाडीचा उत्पादकाने दिलेला संपूर्ण संच, मास्टर सिलिंडर व बूस्टरसह, बसविणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग समजावा.

गावपातळीवर काय करता येईल?

शाळेची सहल कार्ला, भाजे वा लोहगडाकडे निघते, तेव्हा भाड्याने घेतलेल्या गाडीचे आसन व रंग पाहिले जातात, ब्रेकची चौकशी क्वचितच होते. मुख्याध्यापकांनी योग्यता प्रमाणपत्राबरोबरच ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले आणि ब्रेकमध्ये काही फेरफार केला आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. ग्रामपंचायतीच्या वाहनासाठी तशी नोंदवही ठेवणे कठीण नाही. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकाजवळ जळका वास येत असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नये.

चालकाने घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढावा लागेल, त्याच खालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिन बंद करू नये आणि ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी तो अधूनमधून पण निश्चितपणे लावावा. इंजिन बंद झाले की बूस्टरचे साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते. ब्रेक तापल्याचे जाणवताच सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये. ही शिस्त पाळण्यास खर्च येत नाही, आणि ती पाळली नाही तर महागडा कॅलिपरही घाटात गाडी सावरू शकत नाही.