कावळ्याचा डोळा, नीलकंठाचा गळा

पोलाद कारखान्याच्या निमित्ताने भिलाईत स्थिरावलेल्या मराठी घरांत पक्ष्यांच्या कथा दोन वाटांनी आल्या. काही महाराष्ट्रातून सोबत आल्या, काही छत्तीसगडात भेटल्या. कथा रम्य आहेत. पण त्या खऱ्या मानून पक्ष्यांशी वागलं, की घोटाळा होतो.

गैरसमज : कावळा एकाक्ष असतो. सीतेला टोचा मारल्याबद्दल रामाने दर्भाच्या बाणाने त्याचा एक डोळा फोडला.
वस्तुस्थिती : कावळ्याचे दोन्ही डोळे शाबूत असतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळची वस्तू निरखताना तो मान तिरकी करतो. पिंडाला शिवायला तो वेळ लावतो, त्यामागे मृताची अपुरी इच्छा नव्हे, माणसांच्या घोळक्याची धास्ती असते.

गैरसमज : हलाहल पचवणाऱ्या शंकराचं रूप म्हणजे नीलकंठ. दसऱ्याला तो दिसला, की वर्ष यशाचं.
वस्तुस्थिती : त्याचा कंठ निळा नाहीच, तांबूस-जांभळट आहे. निळाई आहे ती पंखांत आणि शेपटीत. विजेच्या तारेवर बसून टोळ आणि भुंगेरे टिपणारा हा शेतकऱ्याचा मित्र. काही शहरांत दसऱ्याआधी त्याला पकडून, बांधून दर्शनासाठी फिरवतात. हा कायद्याने गुन्हा आहे.

गैरसमज : घराजवळ घुबड ओरडलं, की मरण येतं, दिवाळीत त्याचा बळी दिला, की लक्ष्मी येते.
वस्तुस्थिती : गव्हाणी घुबड जुन्या इमारतींत राहतं, कारण तिथे कपारी आणि उंदीर दोन्ही मिळतात. धानाच्या या मुलखात उंदीर खाणारा पक्षी मारणं म्हणजे स्वतःचंच धान्य गमावणं.

गैरसमज : रामनाम घेणारा पोपट पिंजऱ्यात ठेवणं पुण्याचं.
वस्तुस्थिती : पोपट फक्त ऐकलेल्या आवाजाची नक्कल करतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपोपट पाळता येत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास इथल्या बायका सुवा नाच करतात तेव्हा टोपलीतल्या धानावर जिवंत नव्हे, मातीचा पोपट असतो. जिवंत पक्ष्याशिवाय सण होतो, हे दूरदेशीही दिसतं. आयर्लंडमध्ये रेन या चिमुकल्या पक्ष्याने संत स्टीफनची लपायची जागा उघड केली, अशी दंतकथा आहे. म्हणून 26 डिसेंबरला रेनची शिकार होई. आज तिथे मिरवणुकीत खोटा पक्षी नेतात. सण तरीही साजरा होतोच. तेव्हा कथा मुलांना जरूर सांगा. पक्षी मात्र झाडावरच राहू द्या.