पास काढला म्हणजे झालं का?

डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, बॅग दारात भरून ठेवलेली, तिकिटावर तारीख ६. गाडी जळगावहून १२ वाजून ४० मिनिटांनी, रात्रीची. मी ६ तारखेला रात्री नीट जेवून, वेळेच्या पाऊण तास आधी स्टेशनवर पोचलो. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने तिकीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी कालच गेली."

रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, हे शाळेत शिकलो होतो. तिकीट हातात घेताना मात्र विसरलो. ६ तारखेची १२:४० म्हणजे ५ तारखेचं जेवण झाल्यावरची रात्र. मुंबईहून संध्याकाळी-रात्री सुटणाऱ्या कितीतरी गाड्या जळगाव-भुसावळला मध्यरात्रीनंतर येतात, त्यामुळे ही चूक करणारा मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नसेन.

त्या दिवसापासून मी तिकिटावरचा भाड्याचा आकडा सोडून बाकी सगळं आधी वाचतो. तिकीट म्हणजे नुसता अंतराचा दाम नव्हे. कोणती गाडी, कोणता डबा, कोणती तारीख, कुठून कुठपर्यंत, अशा अटी मान्य करून आपण पैसे दिलेले असतात. पासाचंही तेच. आपल्याकडे अपडाऊनवाल्यांच्या गप्पांत ऐकू येणारे गैरसमज बहुतेक या अटी न वाचल्यामुळे झालेले असतात.

गैरसमज १ : जनरलचं तिकीट कोणत्याही गाडीला चालतं.

वस्तुस्थिती : चालत नाही. पॅसेंजर-मेमू, मेल-एक्स्प्रेस आणि सुपरफास्ट अशा भाड्याच्या तीन पायऱ्या आहेत. जळगावहून मुंबईकडे जाणारी सेवाग्राम एक्स्प्रेस सुपरफास्ट आहे, पण गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस नाही. ओळखायची खूण सोपी. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू झाला की बहुतेक वेळा ती सुपरफास्ट. सेवाग्रामचा नंबर १२१३९-१२१४०, महाराष्ट्रचा ११०३९-११०४०. सुपरफास्टचा जादा आकार दुसऱ्या वर्गाला १५ रुपये, स्लीपरला ३०, थ्री एसी आणि एसी चेअरकारला ४५. आरक्षित तिकिटात तो आपोआप धरलेला असतो. जनरलच्या तिकिटात मात्र आपण सांगितला तरच येतो. म्हणून खिडकीवर नुसतं "एक चाळीसगाव" न म्हणता "सुपरफास्टचं द्या" असं म्हणावं. १५ रुपयांसाठी टीसीशी हुज्जत घालत पाचोरा गाठण्यात काही शहाणपण नाही.

दुसरी अट वेळेची. १९९ किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करायचा असतो. सकाळी गर्दी नाही म्हणून चाळीसगावचं तिकीट काढून ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसलो, हे बसत नाही. २०० किलोमीटर आणि त्यापुढचं तिकीट तीन दिवस आधी काढता येतं. जळगाव ते नाशिकरोड सुमारे २३० किलोमीटर, म्हणून त्याला ही सोय आहे.

गैरसमज २ : पास म्हणजे स्वस्त, डोळे झाकून काढावा.

वस्तुस्थिती : डोळे झाकू नका, बोटं मोजा. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ढोबळमानाने १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. एक दिवस अपडाऊन म्हणजे दोन फेऱ्या. महिन्यात आठ दिवस गेलात की पास वसूल, त्यापुढचे दिवस फुकट. भुसावळ-जळगाव रोज करणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, दुकानातल्या माणसाला हा प्रश्नच पडू नये. पण आठवड्यातून एकदाच कॉलेजवर तास घ्यायला जाणारा प्राध्यापक महिन्यात चार-पाच दिवसच जातो. त्याने पास काढला तर तो रेल्वेला वर्गणी देतो, एवढंच. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट असतो. तीन महिन्यांचे पास वेगवेगळे काढण्यापेक्षा तो दहा टक्क्यांनी स्वस्त पडतो. मात्र मध्ये दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी येत असेल, तर ही बचत त्या सुट्टीत वाहून जाते.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो.

गैरसमज ३ : पास असला की दिवसा स्लीपरमध्ये बसायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हरकत आहे. पास जनरल डब्यासाठी असतो. काही गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीक डबे सोडलेले असतात, त्याबाहेर आरक्षित डब्यात बसलेला पासवाला नियमाने विनातिकीट प्रवासीच धरला जातो. "वीस वर्षं बसतोय" हा पुरावा नव्हे. सुपरफास्ट गाडीने जायचं तर पासावरही सुपरफास्टचा वेगळा आकार भरलेला असावा लागतो. पास ज्याच्या नावाचा, त्यानेच वापरायचा, म्हणूनच सोबत फोटोचं ओळखपत्र सक्तीचं आहे. भावाचा पास भावाला चालत नाही.

गैरसमज ४ : पास कुठूनही कुठपर्यंत मिळतो.

वस्तुस्थिती : साधारण १५० किलोमीटर ही मर्यादा. ती खान्देशात मोठी गंमत करते. चाळीसगाव-नाशिकरोड सुमारे १४० किलोमीटर, पास मिळतो. जळगाव-मनमाड सुमारे १६०, मिळत नाही. धुळ्याहून चाळीसगावला येणारा फाटा ५६ किलोमीटरचा आहे, १९०० साली सुरू झालेला. तिथून जळगाव ९२. म्हणजे धुळे-जळगाव रेल्वेने १४८ किलोमीटर, मर्यादेच्या जेमतेम आत.

पण मिळतो म्हणून काढावा का? पारोळा-एरंडोलवरून रस्त्याने हेच अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने जाणारा आधी दक्षिणेला चाळीसगावात उतरतो, फलाटावर "गाडी कितली लेट शे?" असं विचारत बसतो आणि मग पुन्हा ईशान्येला निघतो. या जोडीत एसटीच सरळ.

एसटीच्या पासाचं गणित वेगळं आहे. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास, तिमाहीत ५० दिवसांचं भरून ९० दिवस. म्हणजे रेल्वेला आठ दिवस पुरतात तिथे इथे वीस दिवस जावं लागतं. आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. एखादी बाई तीसच्या तीस दिवस अर्ध्या तिकिटाने गेली तरी १५ दिवसांचंच पूर्ण भाडं होतं, जे २० दिवसांच्या पूर्ण दराच्या पासापेक्षा कमी. नवऱ्याचा हिशेब बायकोला जसाच्या तसा लावू नये.

गैरसमज ५ : तत्काळ म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी.

वस्तुस्थिती : आदला दिवस मोजायचा तो गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून. आपण मधल्या स्टेशनवरचे लोक, म्हणून हा नियम आपल्यालाच नडतो. समजा, हावड्याहून सोमवारी दुपारी सुटलेली मुंबईची गाडी जळगावला मंगळवारी येते. तिचं तत्काळ रविवारी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता, बिगर एसीचं ११ वाजता. मंगळवारी जायचंय म्हणून सोमवारी सकाळी खिडकीवर उभा राहिलेला माणूस रांगेत पहिला असला तरी एक दिवस मागे असतो. नेहमीच्या आरक्षणाचे ६० दिवसही गाडी सुटण्याच्या तारखेपासूनच मोजतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी हे दिवस १२० होते. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

गैरसमज ६ : वेटिंग पाचच आहे, होऊन जाईल.

वस्तुस्थिती : कोणत्या रांगेतलं पाच, ते आधी पाहा. गाडी सुटते त्या स्टेशनच्या आसपासच्यांची रांग म्हणजे जीएनडब्ल्यूएल. मधल्या मोठ्या स्टेशनला स्वतःचा छोटा कोटा असतो, त्याची आरएलडब्ल्यूएल. आणि अनेक छोट्या स्टेशनांना मिळून एक कोटा, त्याची पीक्यूडब्ल्यूएल. पहिल्या रांगेतले ४० कधी कधी सरकून जातात, कारण रद्द होणारी तिकिटंही त्याच रांगेत जास्त असतात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतले पाच जागेवरच राहू शकतात. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं तिकीट आपोआप रद्द होत नाही, ते गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी रद्द करावं लागतं. आणि ते हातात आहे म्हणून स्लीपरमध्ये चढता येत नाही.

गैरसमज ७ : तिकीट मुंबईपर्यंतचं आहे, मध्ये नाशिकला उतरून मावशीकडे राहू.

वस्तुस्थिती : प्रवास मध्ये तोडायची सवलत ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर आणि पहिले ५०० किलोमीटर झाल्यावरच. जळगाव-मुंबई ४२०, तेव्हा मावशीकडे उतरलात की तिकीट तिथेच संपलं. नागपूर-मुंबई ८३७ किलोमीटर, तिथे सवलत आहे. पण नागपूर ते जळगाव अंतर ४१७ भरतं, म्हणून जळगावला उतरून चालत नाही, मनमाडला चालतं. उतरल्यावर तिकिटावर स्टेशनात नोंद करून घ्यायची, मुक्काम दोन दिवसांपर्यंत.

गैरसमज ८ : वंदे भारत म्हणजे आपली बुलेट ट्रेन.

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२५ पासून जळगाव-भुसावळवरून जाणारी नागपूर (अजनी)-पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटर सुमारे १२ तासांत कापते, म्हणजे तासाला सरासरी ७३. चांगली गाडी आहे, पण जपानची बुलेट ट्रेन, तोकायदो शिंकान्सेन, तासाला कमाल २८५ च्या वेगाने धावते. वंदे भारतला जनरल डबा नाही आणि पास चालत नाही. आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून कोणत्याच गाडीत नाही.

गैरसमज ९ : पोरगा जपानला आहे, तिथला रेल्वे पास काढला की सगळं स्वस्त.

वस्तुस्थिती : हा गैरसमज आता इथल्या घरांतही पोचलाय. जपान रेल पास अल्प मुदतीच्या पर्यटकांसाठी आहे. फिरायला गेलेल्या आई-बाबांना तो मिळतो, तिथे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो शिंकान्सेनचं तिकीट एका बाजूचं सुमारे १४ हजार येन, जाऊन-येऊन २८ हजार. एवढंच फिरायचं असेल तर पासात निम्म्याच्या जवळपास पैसे वाया जातात. शिवाय सगळ्यांत वेगवान नोझोमी आणि मिझुहो गाड्यांना पासावर वेगळे पैसे भरावे लागतात, हिकारीला नाही.

बाकी नियम ऐकले तर घरचेच वाटतील. तिथे शिंकान्सेनसाठी मूळ भाडं वेगळं आणि वेगाचा आकार वेगळा, आपल्या सुपरफास्टसारखाच. प्रवास मध्ये तोडायची मुभा तिथेही अंतरावर ठरते, पण तिथे १०० किलोमीटरच्या पुढे बहुतेक तिकिटांवर ती मिळते.

म्हणून भुसावळचा मासिक पास असो, एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना असो की जपानचा पास, आधी कागदावर आपल्या खऱ्या फेऱ्या लिहा, त्यांचं सुटं भाडं मांडा आणि मग पासाचा आकडा बघा. तिकीट हातात आलं की गाडीचा नंबर, डबा, तारीख आणि वेळ मोठ्याने वाचा. गाडी रात्री बारानंतरची असेल, तर घरातल्या कुणाला तरी विचारा, "आज जेवून निघायचं की उद्या?" आमच्या घरी हा प्रश्न आता बायको विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत भाकरी थापायला घेत नाही.